कुत्रं

पारसिक हिलच्या उतारावर,
एक चाक फुटपाथवर चढवून रात्री लावलेली गाडी.
सकाळचे सव्वासहा. नेरूळला डायलिसिसची खुर्ची सातची.
अप्पा बसले, दार आपटलं, पट्टा ओढला.
वीतभर आला आणि अडला.
पुन्हा ओढला. या वेळी वीतभरही नाही.

डाव्या हातात फिस्टुला, त्या हाताने जोर लावायचा नसतो,
म्हणून उजवा हात गळ्यावरून आडवा नेऊन
हिसके देत राहिले,
दावं तोडायला निघाल्यासारखे.
"गाडीसुद्धा तुझ्यासारखीच," म्हणाले.

मी गप्प.
रात्री बोलून झालं होतं सगळं.
दिघ्याची खोली विकायची की ठेवायची,
एकट्याने तिथे राहायचं की इथे यायचं,
मी ओढलं, त्यांनी ओढलं,
आमटी दोनदा गरम केली, दोनदा गार झाली.

शिरवण्याच्या मोईनने एकदा ते रीळ उघडून दाखवलं होतं.
वाटीएवढ्या जागेत एक पोलादी गोळी,
आपल्या खळग्यात शहाण्यासारखी बसलेली.
गाडी फार कलली की ती घरंगळते,
जाता जाता खटका उचलते,
खटका चाकाच्या दात्यात.
आणि गाडी सपाट असली तरी,
पट्टा जोरात खेचला की रीळ स्वतःच घाबरतं.
"ताई, त्याला वाटतं अपघात झाला," मोईन म्हणाला होता.

"अप्पा, सोडा तो. आत जाऊ द्या."
"सोडला तर जाईल ना आत!"
"जाऊ द्या."

हँडब्रेक काढला.
वॉचमनच्या केबिनपाशी रस्ता जरा सपाट आहे,
तिथवर गाडी नुसती घरंगळत नेली.
डॅशबोर्ड किंचाळत होता, पट्टा लावा, पट्टा लावा.
वॉचमनने स्टीलचा पेला उचलून रामराम केला.
अप्पांनी नाही केला.

मग म्हणाले, खिडकीकडे बघत,
"आत रॅचेट असणार."
"हो."
"रबाळ्याला अठ्ठावीस वर्षं तेच बसवत होतो.
दात्यात अडकतो त्या तुकड्याला आम्ही कुत्रं म्हणायचो.
हिसका दिला की धरून ठेवतं.
थोडं मागे दिलं की तोंड उघडतं."
"मग मघाशी हिसके कशाला देत होता?"

यावर उत्तर आलं नाही.
पण पट्टा त्यांनी बोटभर आत जाऊ दिला,
थांबले, 
आणि झोपलेल्या पोराच्या अंगाखालून दुपटं काढावं
तसा बाहेर घेतला, हळू, अगदी हळू,
मध्ये पडलेला पीळ अंगठ्याने सोडवत.
कडेला काळपट मळ साचलाय.
साबणाच्या पाण्याने पुसायचा, पूर्ण बाहेर काढून
रात्रभर वाळवायचा, मग येतो-जातो नीट,
हेही मोईननेच सांगितलेलं.
रविवार येतात आणि जातात.

खट्.
"बसला," म्हणाले.

उरण फाट्याला शहाळ्यांचा टेम्पो
हात न दाखवता आडवा घुसला.
ब्रेकवर माझा सगळा पाय.
डब्यातल्या इडल्या खाली, माझी चप्पल कुठेतरी,
आणि अप्पा
होते तिथेच. पट्टा छातीवर करकचून.
हनुवटी तेवढी थरथरली.
खाली बघून त्यांनी पट्ट्यावर दोन बोटं टेकवली.
"धरलंन् बघ," म्हणाले,
जुन्या शिफ्टमधलं कुणी भेटल्यासारखं.

हॉस्पिटलच्या दारात लाल बटण मी दाबलं.
एरवी तो सळकन जातो, जीभ खांबावर आपटते,
काचेला एक ओरखडाही आहे त्याचा.
आज त्यांनी हाताने पोचवला त्याला, आतपर्यंत.
उतरताना दार धरून जरा उभे राहिले.
"रविवारी बघू," म्हणाले.

पट्ट्याचं की दिघ्याचं,
ते मी विचारलं नाही.